दुधाच्या दातांची साक्ष

हातातलं काम चालू राहू द्या. शेंगा फोडत असाल, गोधडीला टाके घालत असाल, तर घालत राहा. कान तेवढा इकडे द्या.

आज आम्ही अणुबाँबबद्दल बोलणार आहोत. दचकू नका. अमुक देशाने तमुक देशाला अणुबाँबची धमकी दिली, असं अधूनमधून बातम्यांत येतं. मग पारावर पुरुष मंडळी तावातावाने बोलतात आणि आपण म्हणतो, मोठ्यांचं राजकारण, त्यातलं आपल्याला काय कळतंय! पण साठ वर्षांपूर्वी जगातल्या दोन सगळ्यात बलाढ्य देशांनी अणुबाँबच्या चाचण्या आवरण्याचा पहिला करार केला. त्या करारामागे जे पुरावे होते, त्यातला एक आयांनी आपापल्या घरातून पाकिटात घालून पाठवला होता. लेकरांचे पडलेले दुधाचे दात. त्याची ही गोष्ट, आणि सगळी खरी.

आधी भांडण कुणाचं ते बघू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिका आणि रशिया एकाच बाजूने लढले. आजूबाजूचे प्रांत धरून तेव्हाच्या रशियाला सोव्हिएत संघ म्हणत. आपण सोपं म्हणून रशियाच म्हणू. ६ ऑगस्ट १९४५ ला अमेरिकेने जपानच्या हिरोशिमा शहरावर अणुबाँब टाकला आणि तीन दिवसांनी नागासाकीवर. एकट्या हिरोशिमात त्या वर्षअखेरपर्यंत सुमारे १ लाख ४० हजार माणसं गेली. युद्ध संपलं आणि जिंकलेल्या दोघांतच वितुष्ट आलं. १९४९ मध्ये रशियानेही अणुबाँब करून दाखवला. मग अमेरिकेने त्याहून कितीतरी मोठा हायड्रोजन बाँब केला. मागोमाग रशियाने केला. बांधावरून भांडणाऱ्या भाऊबंदांत एकाने काठी आणली की दुसरा कुऱ्हाड आणतो, तसं चाललं होतं. पण ही कुऱ्हाड चालली असती तर त्या दोघांबरोबर सगळ्या शिवाराची राखरांगोळी झाली असती. दोघांची समोरासमोर लढाई होत नव्हती म्हणून त्याला शीतयुद्ध असं नाव पडलं.

लढाई नव्हती, पण बाँब फुटत होते. नवा बाँब केला की तो चालतो का हे बघायला उघड्यावर फोडायचे, कधी वाळवंटात, कधी समुद्रातल्या बेटावर. याला म्हणायचं चाचणी. बाँब कुणावर टाकलेला नाही, मग कुणाचं काय बिघडलं, असं सरकारं म्हणत.

काय बिघडतं ते १ मार्च १९५४ ला दिसलं. प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांमध्ये बिकिनी नावाची जागा आहे. तिथे अमेरिकेने हायड्रोजन बाँब फोडला. शास्त्रज्ञांनी धरलं होतं त्याच्या अडीच पट तो मोठा निघाला. हिरोशिमाच्या बाँबच्या सुमारे हजार पट! तिथून दीडएकशे किलोमीटरवर रोंगेलाप नावाचं बेट. तिथे काही तासांनी आभाळातून पांढरी भुकटी पडायला लागली. ती पिण्याच्या पाण्यात पडली, अन्नावर पडली, पोराबाळांच्या अंगाखांद्यावर बसली. थोड्याच वेळात उलट्या सुरू झाल्या, कातडीची आग व्हायला लागली, पुढे केस गळाले. दोन दिवसांनी लोकांना तिथून हलवलं. तीन वर्षांनी, आता राहायला हरकत नाही असं सांगून परत त्याच बेटावर नेऊन सोडलं. शेवटी १९८५ मध्ये लोकांनी स्वतःच बेट सोडलं. लिजॉन एकनिलांग ही रोंगेलापची बाई बाँब फुटला तेव्हा लहान मुलगी होती. १९९५ मध्ये ती हेग इथल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयासमोर उभी राहिली आणि आपले सात गर्भपात झाल्याचं तिने सांगितलं. मैत्रिणींनो, आपल्यापैकी किती जणी असलं दुःख घरातल्या घरातसुद्धा बोलून दाखवत नाहीत. तिने ते जगाच्या न्यायालयात सांगितलं.

त्या १ मार्चला जवळच्या समुद्रात जपानची एक मासेमारीची बोट होती, लकी ड्रॅगन नावाची. तिच्यावर २३ खलाशी. सगळ्यांच्या अंगावर ती भुकटी पडली, सगळे आजारी पडले. बोटीवर वायरलेस सांभाळणारे आयकिची कुबोयामा सप्टेंबरमध्ये वारले. जपानात मासळी घ्यायला लोक घाबरू लागले. मासे हे तिथलं रोजचं अन्न. तोक्यो शहराच्या सुगिनामी भागात बायका एका वाचन मंडळात जमत असत. त्या बायकांनी पुढे होऊन सह्या गोळा करायला सुरुवात केली. दारोदार गेल्या, बाजारात उभ्या राहिल्या. पुढच्या वर्षापर्यंत देशभरात ३ कोटींहून जास्त सह्या झाल्या. आपल्याकडेही याची दखल घेतली गेली. २ एप्रिल १९५४ ला पंतप्रधान नेहरूंनी लोकसभेत सांगितलं की अण्वस्त्रं बंद करण्याची बोलणी व्हायची तेव्हा होतील, तोवर निदान या चाचण्या तरी थांबवा. बड्या देशांनी तेव्हा ते मनावर घेतलं नाही.

आता हे विष दुधात कसं आलं ते सांगतो. बाँबची धूळ आभाळात फार उंच जाते, वाऱ्याबरोबर हजारो मैल फिरते आणि पावसाबरोबर खाली येते. त्या धुळीत स्ट्रॉन्शियम-९० नावाचा एक पदार्थ असतो. तो किरणं सोडतो आणि निम्मा व्हायला त्याला जवळजवळ २९ वर्षं लागतात. त्याची खोड अशी की तो कॅल्शियमसारखा वागतो. कॅल्शियम म्हणजे ज्याने आपली हाडं आणि दात घट्ट होतात ते. शरीराला दोघांतला फरक कळत नाही. पाऊस गवतावर पडतो, गवत गाय खाते, गायीचं दूध लेकरू पितं, आणि तो पदार्थ लेकराच्या हाडांत जाऊन बसतो. किरणांमुळे हाडांचा आणि रक्ताचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. पोराची हाडं बळकट व्हावीत म्हणून आई जे दूध आग्रहाने पाजते, त्यातूनच हे जात होतं.

अमेरिकेचं सरकार म्हणत होतं, प्रमाण अगदी थोडं आहे, काळजी नको. खरं-खोटं करायचं कसं? जिवंत मुलाचं हाड काही काढून बघता येत नाही. १९५८ मध्ये हर्मन काल्कर नावाच्या शास्त्रज्ञाने एक साधी गोष्ट सुचवली. दुधाचे दात आपोआप पडतात, ते तपासा. दुधाचा दात बाळ पोटात असताना आणि जन्मल्यावर पहिल्या वर्षात घडतो. म्हणजे त्या काळात आईने काय खाल्लं आणि बाळ काय प्यायलं, याचा हिशेब त्या दातात लिहिलेला असतो. सहा-सात वर्षांनी तो पडतो, तेव्हा ती वही आपल्या हातात येते.

त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेच्या सेंट लुइस शहरात हे काम सुरू झालं. तिथल्या काही शास्त्रज्ञांनी आणि नागरिकांनी मिळून एक समिती केली होती. दातांच्या कामाची धुरा डॉ. लुईझ रीस या डॉक्टर बाईंनी घेतली. आपल्याकडे पडलेला दात कुणी कौलावर फेकतं, कुणी तुळशीत पुरतं. तिकडे पोरं तो उशीखाली ठेवतात. रात्री परी येते, दात नेते आणि नाणं ठेवते अशी समजूत. आता पोरांना सांगितलं, दात परीला देऊ नका, आम्हाला द्या. दात देणाऱ्या पोराला छातीवर लावायला बिल्ला मिळायचा, मी माझा दात विज्ञानाला दिला, अशा मजकुराचा. आई एक कागद भरून द्यायची: मूल कधी जन्मलं, पोटात होतं तेव्हा ती कुठे राहत होती, मूल अंगावर पीत होतं की बाटलीने. शाळांत, दवाखान्यांत, मंडळांत हे कागद वाटले. आलेले दात निवडायला, नोंदी ठेवायला बायकाच बसायच्या, विनामोबदला. १९७० पर्यंत सुमारे ३ लाख २० हजार दात गोळा झाले.

पहिला निकाल १९६१ च्या नोव्हेंबरात छापून आला. चाचण्या वाढत गेल्या, तसतसं मुलांच्या दातांतलं स्ट्रॉन्शियम वाढत गेलं होतं. पुढे कळलं की १९६३ मध्ये जन्मलेल्या मुलांच्या दातांत ते १९५० मध्ये जन्मलेल्या मुलांच्या सुमारे ५० पट होतं. दुधाची भीती आता आकड्यांत मांडता येत होती.

दरम्यान दोन्ही देशांनी १९५८ पासून चाचण्या थांबवल्या होत्या, पण नुसत्या तोंडी भरवशावर. सप्टेंबर १९६१ मध्ये रशियाने त्या पुन्हा सुरू केल्या, अमेरिकेनेही केल्या. ३० ऑक्टोबरला रशियाने उत्तरेकडच्या बर्फाळ बेटावर आजवरचा जगातला सगळ्यात मोठा बाँब फोडला. दोनच दिवसांनी, १ नोव्हेंबर १९६१ ला, अमेरिकेतल्या शेकडो-हजारो घरांतल्या बायकांनी एक दिवस काम बंद ठेवलं. लहान मुलांच्या पुस्तकांत चित्रं काढणाऱ्या डॅगमार विल्सन आणि त्यांच्या मैत्रिणींनी ही हाक दिली होती. ना पक्ष, ना कार्यालय. एकीने दुसरीला फोन केला, दुसरीने तिसरीला. सुमारे ६० गावांत बायका रस्त्यावर आल्या, कुणी बाबागाडी ढकलत, कुणी पोराचं बोट धरून. ५० हजार आल्या असं त्यांनी सांगितलं. त्यांनी पत्रं लिहिली ती दोन्ही देशांच्या पुढाऱ्यांच्या बायकांना, अमेरिकेच्या जॅकलीन केनेडींना आणि रशियाच्या नीना क्रुश्चेव्हांना. आम्हाला यातलं हे फार महत्त्वाचं वाटतं. दोष एकाच बाजूला दिला असता तर काम सोपं झालं असतं, टाळ्याही मिळाल्या असत्या. त्यांनी दोन्ही घरांची दारं वाजवली.

पुढच्या जानेवारीत भर पावसात दोनएक हजार बायका राष्ट्राध्यक्षांच्या निवासासमोर उभ्या राहिल्या. राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडींना त्याच दिवशी पत्रकारांनी विचारलं, तेव्हा बायका खिडकीतून दिसल्या आणि त्यांचं म्हणणं पोचलं, असं ते म्हणाले. पोचलं, पण चाचण्या थांबल्या नाहीत. ऑक्टोबर १९६२ मध्ये तर सगळं हाताबाहेर जायची वेळ आली.

अमेरिकेच्या किनाऱ्यापासून दीडशे किलोमीटरवर क्युबा नावाचा देश आहे. रशियाने गुपचूप तिथे अण्वस्त्रांची क्षेपणास्त्रं नेऊन ठेवली. अमेरिकेने आधीच रशियाच्या शेजारी, तुर्कस्तानात, आपली ठेवलेली होती. अमेरिकेच्या विमानाने क्युबाचे फोटो काढले आणि भांडं फुटलं. केनेडींनी क्युबाभोवती युद्धनौकांचा वेढा घातला. १६ ते २८ ऑक्टोबर, तेरा दिवस जग श्वास रोखून होतं. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हेच दिवस वेगळ्या कारणाने आठवत असतील. २० ऑक्टोबरला चीनने आपल्या सीमेवर हल्ला केला होता. जवानांसाठी स्वेटर विणणं, अंगावरचं सोनं काढून देणं चाललं होतं. आपलं लक्ष हिमालयाकडे होतं, तेव्हा क्युबाजवळ सगळ्या जगाचं मरण दाराशी येऊन उभं होतं.

२७ ऑक्टोबरचा दिवस सगळ्यात वाईट. क्युबावर अमेरिकेचं विमान पाडलं गेलं, वैमानिक मेला. त्याच दिवशी समुद्राखाली रशियाची एक पाणबुडी अमेरिकेच्या नौकांनी घेरली. तिचा मॉस्कोशी संपर्क तुटला होता, आत उकाड्याने जीव नकोसा झालेला, आणि वर स्फोटांचे आवाज. युद्ध सुरू झालंय की नाही हेच आतल्यांना कळत नव्हतं. पाणबुडीवर अणुस्फोटक असलेला एक पाणतीर होता. तो सोडावा असं कप्तानाच्या मनात आलं; वासिली आर्खिपोव्ह या अधिकाऱ्याने नको म्हणून त्यांना शांत केलं. बाँबचे ढीग दोघांकडे होते, पण ऐन वेळेला जग एका माणसाच्या थंड डोक्यावर वाचलं.

आणि निरोपांची तऱ्हा बघा. रशियाचे पुढारी क्रुश्चेव्ह यांचं २६ ऑक्टोबरचं पत्र अमेरिकेला पूर्ण मिळायला जवळजवळ बारा तास लागले. रशियाचे वकील दोब्रिनिन यांनी पुढे सांगितलं आहे की, त्यांचा सांकेतिक निरोप न्यायला तार कंपनीचा पोरगा सायकलवर यायचा, आणि हा वाटेत कुठे थांबून राहू नये म्हणजे झालं, अशी त्यांना धाकधूक असायची. शेवटी केनेडींचे भाऊ रॉबर्ट आणि दोब्रिनिन समोरासमोर बसले. रशियाने क्युबातून क्षेपणास्त्रं काढायची, अमेरिकेने क्युबावर हल्ला करायचा नाही, आणि तुर्कस्तानातली आपली क्षेपणास्त्रं गुपचूप हलवायची, असं ठरलं. दोघेही एकेक पाऊल मागे आले. क्रुश्चेव्हांचं उत्तर लवकर पोचावं म्हणून २८ ऑक्टोबरला ते मॉस्को रेडिओवरून वाचून दाखवलं. रेडिओवाल्या म्हणून आम्हाला त्याचं अप्रूप वाटतं.

असं मरणाच्या दारातून परत आल्यावरही देशात संशय होताच. डिसेंबर १९६२ मध्ये अमेरिकी संसदेच्या एका समितीने त्या शांततावाल्या बायकांना चौकशीला बोलावलं. तुम्ही रशियाच्या हस्तक आहात का, तुमच्यात कम्युनिस्ट किती? बायका तान्ही पोरं कडेवर घेऊन आल्या. पहिल्या बाईचं नाव पुकारलं तशा सगळ्याच उभ्या राहिल्या. अध्यक्षांनी उभं राहायला बंदी केली, तर टाळ्या वाजवल्या. टाळ्यांना बंदी केली, तर साक्ष देणारीच्या हातात फुलं दिली. आमच्यात सभासदांची यादी नाही, शांतता हवी असणारी कुणीही आमचीच, असं डॅगमार विल्सननी सांगितलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत हसं झालं ते समितीचं.

क्युबाने दोन्ही पुढाऱ्यांना धडा शिकवला. १० जून १९६३ ला केनेडींनी एक भाषण केलं. महायुद्धात रशियाची दोन कोटींवर माणसं गेली याची त्यांनी आपल्या लोकांना आठवण दिली, आणि दुसरे करत नाहीत तोवर अमेरिका हवेत चाचण्या करणार नाही, असं जाहीर केलं. रशियाच्या वर्तमानपत्रांनी ते पूर्ण छापलं. त्याच महिन्यात दोन राजधान्यांमध्ये थेट तारेची सोय करायचं ठरलं आणि ३० ऑगस्टला ती सुरू झाली. लोक त्याला लाल टेलिफोन म्हणतात, पण होतं ते टंकलेखन यंत्र. बोलण्यात शब्द मागेपुढे होतो, रागाने काही निघून जातं. लिहिताना माणूस विचार करतो. १९६७ मध्ये अरब आणि इस्राएल यांचं युद्ध पेटलं तेव्हा ही तार दोघांच्या कामी आली.

चाचणीबंदीचं घोडं एका गोष्टीवर अडलं होतं. जमिनीखाली कुणी चोरून बाँब फोडला तर कळणार कसं? अमेरिका म्हणे, वर्षातून सात वेळा येऊन तपासू. रशिया म्हणे, दोन-तीनच्या वर नाही, तुम्ही हेरगिरी कराल. वर्षानुवर्षं यावर घोळ चालला. मग जुलैत मॉस्कोला बसल्यावर त्यांनी वाट काढली. जे लांबूनही कळतं, म्हणजे हवेतली, पाण्याखालची आणि अंतराळातली चाचणी, ती आधी बंद करू. जमिनीखालचं मागाहून बघू. दहा दिवसांत मसुदा झाला. ५ ऑगस्ट १९६३ ला अमेरिका, रशिया आणि ब्रिटनने सही केली. भारतानेही त्याच महिन्यात केली. त्याआधी टीव्हीवर देशाला हा करार समजावताना केनेडी कशाबद्दल बोलले? मुलानातवंडांच्या हाडांतल्या आणि रक्तातल्या कर्करोगाबद्दल. जी गोष्ट बायका दुधाची बाटली दाखवून सांगत होत्या, ती राष्ट्राध्यक्षांच्या तोंडी आली.

करार फक्त बायकांमुळे झाला, असं आम्ही म्हणणार नाही. क्युबाची भीती होती, शास्त्रज्ञांची धडपड होती, चीन अणुबाँब करतोय याची दोघांनाही चिंता होती. पण केनेडींचे विज्ञान सल्लागार जेरोम वीझनर यांनी याचं श्रेय सरकारातल्या तज्ज्ञांपेक्षा बाहेरून रेटा लावणाऱ्या लोकांना दिलं, आणि त्यात या बायकांचं नाव घेतलं.

पुढे काय झालं? दातांनीच सांगितलं. करारानंतर जन्मलेल्या मुलांच्या दातांत ते विष कमी कमी होत गेलं. हे यश खरं. अपुरेपणही तितकंच खरं. फ्रान्स आणि चीनने सही केली नाही, ते बरीच वर्षं हवेत बाँब फोडत राहिले. अमेरिका आणि रशियाने जमिनीखाली चाचण्या चालू ठेवल्या आणि धूळ दिसेनाशी झाल्यावर लोकांचं लक्षही उडालं. १९८६ च्या सुमारास जगात जवळजवळ ७० हजार अण्वस्त्रं होती. नंतरच्या करारांनी ती घटली. आज सुमारे १२ हजार आहेत. त्यातली बहुतेक याच दोघांकडे, काही आपल्याकडे आणि आपल्या शेजाऱ्यांकडेही. आपल्या चाचण्या १९७४ आणि १९९८ मध्ये पोखरणला झाल्या, जमिनीखाली. भारत आणि पाकिस्तान १९९२ पासून दर १ जानेवारीला एकमेकांना आपापल्या अणुकेंद्रांची यादी देतात, या ठिकाणांवर हल्ला करायचा नाही म्हणून. संबंध कितीही बिघडलेले असोत, यादी दिली जाते. वैर असलं तरी बोलायची एक वाट उघडी ठेवायची, हे शहाणपण साध्या कागदावर टिकून आहे.

मैत्रिणींनो, गटाची वही आपण कशी लिहितो? कुणी किती दिले, कुणाचे किती राहिले, तारखेनिशी. म्हणून बँकेत गेल्यावर आपलं बोलणं ऐकून घेतलं जातं. सेंट लुइसच्या आयांनी तेच केलं. जन्मतारीख, गाव, दूध कोणतं, एकेक दात पाकिटात. सरकार म्हणत होतं काळजी नको, आणि त्या म्हणाल्या, मग हे मोजून बघा.

पुढच्या बैठकीत वर्गणी गोळा झाली की थोडा वेळ यावर बोला. आपल्या गावात पाण्याबद्दल, फवारणीबद्दल, एखाद्या कारखान्याच्या धुराबद्दल काळजी नको असं कुणी सांगतंय का? ते खरं की खोटं हे कळायला आपण काय मोजू शकतो, कशाची नोंद ठेवू शकतो? नोंद कोण ठेवणार, तिचं नाव त्याच बैठकीत ठरवा. आणि काय ठरलं ते आम्हाला कळवा, आपण ते रेडिओवर सगळ्यांना सांगू.